विद्यापीठाचा सल्ला बांधापर्यंत : संप्रेषण शाखेचे डिजिटल काम व त्याचे नियोजन

शिक्षण, संशोधन व विस्तार ही कृषी विद्यापीठाच्या कार्याची तीन अंगे मानली जातात. पैकी पहिल्या दोन अंगांविषयी पुष्कळ बोलले व लिहिले जाते. तिसऱ्या अंगाचा विषय निघाला म्हणजे मात्र मेळावे, शिवारफेरी व प्रात्यक्षिके एवढ्यावरच आपली दृष्टी थांबते. वस्तुतः आज विद्यापीठाचा सल्ला पुष्कळ शेतकऱ्यांच्या हाती प्रथम पोहोचतो तो मोबाइलच्या पडद्यावर. हा पडदा भरण्याचे काम ज्या शाखेकडे सोपविलेले असते ती कोठे जनसंपर्क कक्ष, कोठे कृषी माहिती केंद्र, तर कोठे संप्रेषण केंद्र या नावाने ओळखली जाते. नाव कोणतेही असो, तिच्यात चार-पाच माणसे असतात, त्यांच्या मागे समारंभांचा तगादा असतो, आणि संशोधकाचे वाक्य शेतकऱ्याला समजेल असे करण्याची जबाबदारी अखेर त्यांच्यावरच येऊन पडते. या माणसांची कौशल्ये कशी वाढवावीत व त्यांच्या कामास वर्षभराचे वळण कसे लावावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हे काम आपल्याकडे नवे नाही. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोन वेळा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न व अभिप्राय केंद्राकडे परत जात. ज्या गावांत अशी मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा, बरीच अधिक भर पडल्याचे पाहणीत आढळून आले. पुढे 26 जानेवारी 1967 रोजी दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. त्याच सुमारास महाराष्ट्रात कृषी विद्यापीठांची उभारणी होऊन राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार विद्यापीठे 1968 ते 1972 या काळात कार्यान्वित झाली. 2004 साली किसान कॉल सेंटरची सोय झाली. साधने बदलत गेली. परंतु पुण्याच्या प्रयोगात जी गोष्ट मोलाची ठरली, ती म्हणजे ऐकणाऱ्याचा प्रश्न बोलणाऱ्याकडे परत येणे, ती मात्र मोबाइलच्या काळात आपण काहीशी विसरलो आहोत. मोबाइलवर प्रश्न परत येण्याची वाट सर्वांत सोपी असताना असे व्हावे, हे नवलच म्हणावयाचे.

एक प्रसंग

प्रस्तुत लेखकाने एका कृषी संस्थेच्या संप्रेषण शाखेत काही काळ काम केले आहे. 2021 च्या जुलै महिन्यात तेथून मक्यावरील लष्करी अळीच्या नियंत्रणाविषयी एक सचित्र संदेश प्रसृत झाला. शास्त्रज्ञाने दिलेल्या मूळ मजकुरात ‘10 लिटर पाण्यात 4 ग्रॅम’ असे कीटकनाशकाचे प्रमाण होते. चित्र तयार करणाऱ्या मुलाला ओळीत जागा कमी पडली. संस्थेचे बोधचिन्ह लहान करता येत नव्हते, मान्यवरांची नावे काढता येत नव्हती. तेव्हा त्याने ‘10’ हा आकडा काढून टाकला. ‘लिटर पाण्यात 4 ग्रॅम’ हे वाक्य त्याला पूर्ण वाटले, व वाचावयास ते पूर्ण आहेही. प्रमाण मात्र दहापट झाले.

संदेश सकाळी गेला. दुपारी एका शेतकऱ्याचा दूरध्वनी आला. ‘साहेब, हे पंपाला सांगितलं की लिटराला? लिटराला असंल तर पंधरा लिटरच्या पंपाला साठ ग्रॅम होतंय. एवढं कोण मारतंय का?’ त्या गृहस्थाला हिशेब येत होता म्हणून चूक उघडकीस आली. योग्य प्रमाण पंधरा लिटरच्या पंपास सहा ग्रॅम एवढेच होते. लगोलग दुरुस्तीचा संदेश काढला; परंतु पहिले चित्र तोवर कितीतरी गटांत गेले होते, आणि दुरुस्ती त्याच्यामागून त्याच वाटांनी गेली असेल असे मानण्यास काही आधार नव्हता. इतकेच नव्हे, तर पुढील वर्षी जुलै महिन्यात तेच जुने, चुकीचे चित्र पुन्हा फिरत आमच्याकडे आले. त्यावर तारीख नव्हती. पाहणाऱ्यास ते आजचेच वाटावे अशी त्याची सर्व तयारी आम्हीच करून दिलेली होती.

कीटकनाशकाची बाब हसण्यावारी नेण्याजोगी नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण सर्व जाणतो. त्या दुर्घटनेची कारणे निराळी व अनेक होती. परंतु फवारणीविषयी सांगितलेला प्रत्येक आकडा माणसाच्या जिवाशी निगडित असतो, एवढे तीवरून ध्यानात यावे.

आमच्या प्रसंगात चूक कोणाची, याचा तपास झाला तेव्हा निष्पन्न झाले ते असे. शास्त्रज्ञाने मजकूर दिला आणि आपले काम संपले असे समजले. चित्रकार मुलाला प्रमाण म्हणजे काय हे कोणी सांगितले नव्हते. अधिकाऱ्याने संदेश तपासला खरा, पण त्याने तपासली ती नावे, पदे आणि बोधचिन्हाची जागा. कोणी आळशी नव्हते. चौघांच्याही हातून काम गेले आणि त्या मजकुराचा धनी कोणीच नव्हता. कौशल्याची उणीव म्हणतात ती पुष्कळदा अशी असते : यंत्र चालविता येते, पण यंत्रातून काय बाहेर पडत आहे ते वाचण्याची सवय नसते.

प्रथम मोजदाद

सुधारणेस आरंभ करावयाचा तर नवीन काही निर्माण करण्यापूर्वी जे आहे त्याची मोजदाद करावी. संकेतस्थळावरील प्रत्येक पान, यूट्यूबवरील प्रत्येक चित्रफीत, घडीपत्रिकांच्या पीडीएफ फाइली, व्हॉट्सॲपवरून गेलेले संदेश या सर्वांची एक नोंदवही तयार करावी. प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी लिहाव्यात : हे कोणासाठी आहे, ते शेवटचे केव्हा तपासले, मजकुरास जबाबदार शास्त्रज्ञ कोण, आणि ते ठेवावयाचे, दुरुस्त करावयाचे की काढून टाकावयाचे.

हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातून निघणारे निष्कर्ष डोळे उघडणारे असतात. आमच्या नोंदवहीत एकाच पिकाच्या लागवडीची तीन पाने निघाली व तिन्हींत बियाण्याचे प्रमाण वेगळे होते. तिन्ही आपापल्या वर्षी बरोबर होती. चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत दरवर्षी नव्या शिफारशी मान्य होतात. कृषी दैनंदिनीत त्या छापल्याही जातात. परंतु संकेतस्थळावरील जुने पान कोणी निंदून काढीत नाही. कागदावरची जुनी दैनंदिनी निदान पिवळी पडते व तिच्यावर वर्ष छापलेले असते. पडद्यावरचे पान मात्र कधीच जुने दिसत नाही.

दुसरी मोजदाद विषयांची करावी. मागील तीन महिन्यांत शाखेने काय काय प्रसिद्ध केले ते वर्गवारीने मांडावे. दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांची भेट व जयंती-पुण्यतिथी एका बाजूस, आणि शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन काही करावे असा मजकूर दुसऱ्या बाजूस. पहिला ढीग पुष्कळच मोठा निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नये. समारंभांची छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत असे कोणी म्हणणार नाही. संस्थेस ती लागतात. परंतु दोन्ही गोष्टी एकाच पानावर एकामागून एक टाकल्याने शेतकरी ते पान पाहणेच सोडतो. समारंभाच्या वार्ता व पीक सल्ला यांची पाने स्वतंत्र ठेवणे हा यावरील साधा उपाय होय, व त्याला खर्च काही नाही.

अक्षरांची अडचण

मराठी मजकुराच्या बाबतीत एक अडचण अशी आहे की तिचा उलगडा इंग्रजीत लिहिलेल्या प्रशिक्षण-पुस्तिकांत होत नाही. देवनागरीसह जगातील लिप्यांना एकच सांकेतिक पद्धत देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली प्रसिद्ध झाली. तथापि आपल्या छापखान्यांत व कार्यालयांत त्यानंतरही कितीतरी वर्षे निरनिराळ्या कंपन्यांचे जुने फाँट वापरले गेले. अशा फाँटमध्ये टंकलिखित केलेला लेख कागदावर उत्तम दिसतो. परंतु संगणकाच्या दृष्टीने तो इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन समूह असतो. शोधयंत्रास तो सापडत नाही, मोबाइलवर उतरविल्यास वाचता येत नाही, आणि अंध वाचकास ऐकवून दाखविणारे यंत्र त्यातून काहीच उच्चारू शकत नाही. कित्येक वर्षांच्या चांगल्या घडीपत्रिका अशा रीतीने असून नसल्यासारख्या झाल्या आहेत. कागदावरून छायाचित्र काढून बनविलेल्या पीडीएफची गतही तीच.

युनिकोडमध्ये लिहिले तरी सावधगिरी हवीच. ‘शेतकऱ्यांना’ हाच शब्द घ्या. यातील अर्धा ऱ दोन निरनिराळ्या रीतींनी टंकलिखित करता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक त्यांना दोन वेगळे शब्द समजू शकतो व एकाचा शोध घेतला असता दुसरा दाखवीलच असे नाही. तिसरी रीत चुकीची असून तीत ‘शेतकर्यांना’ असा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. ज्या शब्दावर आपले सर्व कार्य उभे आहे तोच शब्द एका शाखेत तीन तऱ्हांनी लिहिला जावा हे योग्य नव्हे. इन्स्क्रिप्ट कळफलक सर्वांनी शिकावा, नुक्त्याचा ऱ वापरण्याचे एकदा ठरवावे, व तो नियम भिंतीवर लावावा. कळफलकाचा हात बसण्यास फार दिवस लागत नाहीत. लागतो तो रोजचा अर्धा तास.

जुना साठा एका दमात पालटणे शक्य नसते. ज्या पिकांचे प्रश्न सर्वाधिक येतात त्यांच्या घडीपत्रिका प्रथम घ्याव्यात. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांतून निघालेल्या मजकुरातील आकडे व जोडाक्षरे डोळ्यांखालून घातल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करू नये.

शेतकऱ्याचा शब्द

मजकूर सापडावयाचा असेल तर तो शेतकरी ज्या शब्दाने शोधतो त्या शब्दात असावा लागतो. शास्त्रज्ञ ‘भात’ लिहितो, पूर्व विदर्भातील शेतकरी ‘धान’ म्हणतो. पुस्तकात ‘कापूस’ असतो, वऱ्हाडात ‘पराटी’ आणि ‘कपाशी’. गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय नाव लेखात अवश्य द्यावे, परंतु शीर्षकात ‘डोमकळी दिसली तर काय करावे’ असे लिहिले की ज्याच्या शेतात डोमकळी आहे तो थांबतो. आपल्या कार्यक्षेत्रातील पिके, किडी, रोग व अवजारे यांची स्थानिक नावे गोळा करून शब्दसूची तयार करणे, हे संप्रेषण शाखेचे उत्तम व चिरकाल टिकणारे काम होईल. कृषी विज्ञान केंद्रांतील मंडळींना ही नावे तोंडपाठ असतात. त्यांना विचारले मात्र पाहिजे.

यंत्राकडून भाषांतर करून घेण्याची सोय आता झाली आहे व ती वापरण्यास हरकत नाही. मात्र यंत्राच्या भाषांतरात कपाशीच्या पात्यांना इंग्रजीत म्हणतात त्या स्क्वेअरचे ‘चौरस’ होण्याचा संभव असतो, आणि पीक लोळण्यास इंग्रजीत वापरतात त्या लॉजिंग शब्दाचा ‘निवास’ होतो. ‘कपाशीवरील चौरस गळत असल्यास’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. शेतीची भाषा जाणणारा मनुष्य मध्ये नसेल तर ते तसेच पुढे जाईल.

आकड्यांविषयी एक पद्धत ठरवून घ्यावी. प्रमाण नेहमी ‘10 लिटर पाण्यात’ असे पूर्ण लिहावे आणि शेजारी ‘15 लिटरच्या पंपास’ किती तेही द्यावे, कारण शेतात मोजमाप पंपाने होते. साधा पाठीवरचा पंप व पॉवर पंप यांची प्रमाणे वेगळी असतात. संदेश कोणत्या पंपासाठी आहे ते सांगितलेच पाहिजे. चित्रात आकडा बसत नसेल तर चित्र बदलावे.

वर्षाची आखणी

शेतीचे वर्ष ठरलेले असल्यामुळे आपल्या शाखेस एक मोठीच सवलत मिळालेली आहे. इतर विद्यापीठांच्या संप्रेषण शाखांना पुढील महिन्यात काय लिहावे असा प्रश्न पडतो. आपणास मृग केव्हा निघणार हे ठाऊक आहे. असे असूनही सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची चित्रफीत पेरणी निम्मी आटोपल्यावर प्रसिद्ध झालेली आपण पाहतो. याचे कारण आखणी शेतातील कामापासून मागे मोजीत केली जात नाही, तर कार्यालयात सवड मिळेल तशी केली जाते.

मागे मोजणे म्हणजे काय ते सोयाबीनच्या उदाहरणाने पाहू. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा सल्ला शेतकऱ्याच्या कानावर पहिल्या सरींपूर्वी पडला पाहिजे, म्हणजे तो मेअखेर निघावा. घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासावयाची तर ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून पाहण्यास व बियाणे कमी प्रतीचे निघाल्यास दुसरी तजवीज करण्यास अवधी हवा. तेव्हा तो संदेश एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी जावा. उगवण 70 टक्के असेल तर हेक्टरी 75 किलो बियाणे पुरते, कमी असेल तर त्या मानाने वाढवावे लागते. हा हिशेब त्याच संदेशात हवा. हे सर्व एप्रिलमध्ये जावयाचे तर मजकूर मार्चमध्ये शास्त्रज्ञाकडून तपासून आला पाहिजे. मार्च महिना हा कार्यालयात हिशेबाच्या धांदलीचा असतो. म्हणून मजकूर फेब्रुवारीत मागावा.

चित्रांच्या बाबतीत तर महिनेही पुरत नाहीत, वर्ष मागे जावे लागते. पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी कपाशीत कामगंध सापळे लावावेत, सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळले तर उपाययोजना करावी, डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात, असे आपण जुलैच्या अखेरीस सांगतो. पण त्या वेळी शेतात डोमकळी कोठे असते? तिचे चित्र मागील वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढून ठेवलेले असले तरच आज दाखविता येते. ते नसल्यामुळे कोणीतरी परदेशी संकेतस्थळावरचे चित्र उतरवून घेतो, त्यातील झाड, माती व माणसाचे हात सगळेच परके असतात. म्हणून आखणीच्या तक्त्यात दोन रकाने असावेत : या महिन्यात काय प्रसिद्ध करावयाचे, आणि पुढील वर्षासाठी या महिन्यात कशाचे चित्रीकरण करून ठेवावयाचे. दुसरा रकाना भरणारी शाखा दोन वर्षांत श्रीमंत होते. फरदड घेऊ नये असे डिसेंबर-जानेवारीत सांगताना फरदडीच्या बोंडातील अळ्या, कोकणात आंब्याच्या मोहरावरील तुडतुडे, हरभऱ्यातील घाटेअळी व पक्षिथांबे, द्राक्षांची एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी, उसाच्या खोडव्यातील पाचटाचे आच्छादन : हे सर्व ज्या त्या वेळी टिपले नाही तर वर्षभर थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

आखणी करताना तक्ता काठोकाठ भरू नये. हवामान खात्याच्या सहकार्याने मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला ही ठरलेली जागा आहेच. त्याखेरीज आठवड्यातील काही जागा मुद्दाम मोकळी ठेवावी. 2018 साली लष्करी अळी प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावर येऊन पोहोचली. त्या वर्षाच्या कोणत्याही तक्त्यात तिचे नाव असणे शक्य नव्हते. गारपीट, अतिवृष्टी, अवेळी पाऊस यांचेही तसेच. अशा वेळी लागणारे संदेशांचे सांगाडे मात्र आधी तयार करून ठेवता येतात : गारपिटीनंतर फळबागेत करावयाची कामे, पाणी साचलेल्या शेताचा निचरा, पंचनाम्यासाठी काढावयाची छायाचित्रे. तपासलेला मजकूर हाताशी असेल तर दोन तासांत संदेश निघतो.

शिक्षण कसे द्यावे

प्रशिक्षण म्हणून दोन दिवसांची कार्यशाळा भरवावी, बाहेरून तज्ज्ञ बोलवावा, प्रमाणपत्रे वाटावीत व सोमवारी पूर्वीप्रमाणे काम सुरू करावे, हा प्रघात सर्वत्र आहे. त्यातून फारसे काही हाती लागत नाही असे लेखकाचे मत झाले आहे. त्याऐवजी दर आठवड्यास एक तास ठरवावा व त्या आठवड्यात आपणच प्रसिद्ध केलेला एक संदेश सर्वांनी मिळून तपासावा. लिहिणारा गप्प बसतो, दुसरा कोणी तो मोठ्याने वाचतो आणि वाचून झाल्यावर ‘उद्या शेतात जाऊन नेमके काय करावयाचे’ हे आपल्या शब्दांत सांगतो. सांगता आले नाही तर संदेश पुन्हा लिहावयाचा. या बैठकीस शास्त्रज्ञाने निदान महिन्यातून एकदा आले पाहिजे. आरंभी ते नाखूश असतात. आपल्या वाक्याचे काय झाले हे एकदा ऐकले म्हणजे पुढच्या वेळी बोलावणे धाडावे लागत नाही.

कामांची अदलाबदल हाही चांगला मार्ग आहे. छायाचित्रकाराने एक दिवस दूरध्वनीवर बसून शेतकऱ्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत. मजकूर लिहिणाऱ्याने एक चित्रफीत स्वतः कापून जोडावी. चित्रकार मुलाला शास्त्रज्ञाबरोबर फवारणीच्या प्रात्यक्षिकास न्यावे व पंपात औषध मोजून घालू द्यावे. आमच्याकडील तो मुलगा पुढे अशा प्रात्यक्षिकास जाऊन आला, आणि त्यानंतर चित्रात आकडा न मावल्यास तोच विचारू लागला की साहेब, नावे थोडी कमी करू का?

चित्रीकरणाचे तंत्र येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. ते मोबाइल हाती घेऊन आठवडाभरात येते. दोन गोष्टी मात्र नवख्यांच्या हातून हमखास राहतात. एक, वाऱ्याचा आवाज. उघड्या शिवारात बोलणाऱ्याच्या कॉलरला लावावयाचा लहान ध्वनिग्राहक व त्यावरील फरचे टोपण यांवाचून शब्द ऐकू येत नाहीत, आणि चित्र अंधुक चालते पण आवाज अंधुक चालत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हात दाखविणे. बीजप्रक्रिया सांगणाऱ्या शास्त्रज्ञाचा चेहरा तीन मिनिटे दाखविण्यापेक्षा बियाणे चोळणारे हातमोजे घातलेले हात अर्धा मिनिट दाखवावेत. चित्रफितीच्या आरंभी तोंडाने महिना व वर्ष उच्चारावे, म्हणजे कोणी तिचा तुकडा कापून पुढे पाठविला तरी निदान आरंभीच्या तुकड्यावर काळाची खूण राहील. संदेशातील महत्त्वाचा मजकूर केवळ चित्रात न ठेवता खाली अक्षरांतही लिहावा. ज्याच्याकडे डेटा थोडा आहे त्याला चित्र उतरण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला तो मजकूर ऐकता येतो. शासकीय संकेतस्थळांसाठी भारत सरकारने 2009 साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रथम काढली व ज्यांची तिसरी आवृत्ती 2023 साली निघाली, त्यांतही अपंग वाचकांच्या सोयीवर भर आहे.

तारीख, क्रमांक व दुरुस्ती

आमच्या प्रसंगानंतर जी शिस्त लावण्यात आली ती थोडक्यात अशी. प्रत्येक संदेशावर अनुक्रमांक, निघाल्याची तारीख व ‘अमुक तारखेपर्यंत उपयुक्त’ अशी मुदत, तिन्ही चित्राच्या आतच छापली जातात. चित्राखाली लिहिलेली अक्षरे पुढे पाठविताना गळून पडतात. प्रमाणाचा आकडा असलेला संदेश दोन सह्यांशिवाय निघत नाही : एक शास्त्रज्ञाची, अंतिम चित्र पाहून केलेली, व दुसरी लेखन-चित्रण यांत भाग न घेतलेल्या कोणा एकाची. चूक झालीच तर दुरुस्तीच्या संदेशात जुना क्रमांक ठळकपणे देऊन ‘हा संदेश रद्द’ असे लाल पट्टीने लिहिले जाते व मूळ संदेश ज्या ज्या गटांत गेला त्यांच्या यादीप्रमाणे तो पाठविला जातो. ही यादी ठेवणे सर्वांत जिकिरीचे ठरले. चूक गुपचूप पुसून टाकण्याचा मोह प्रत्येक कार्यालयास होतो. पण आपल्याकडून पुसलेले चित्र लोकांच्या मोबाइलमध्ये असतेच, आणि ते चुकीचे आहे हे सांगणारे मग कोणीच उरत नाही.

दोन सह्यांमुळे विलंब होतो अशी तक्रार सुरुवातीस आली. ती खरी होती. शुक्रवारचा सल्ला एकदा शनिवारी गेला. तेव्हा सही करणाऱ्याचा एक पर्यायी मनुष्य नेमून देण्यात आला व विलंब पुष्कळसा कमी झाला.

किती जणांनी पाहिले याचा आकडा रोज समोर येतो व तो वाढला की बरे वाटते. परंतु गारपिटीचे भयंकर दृश्य लाखो लोक पाहतात आणि बीजप्रक्रिया काही शेकडाच पाहतात. यावरून बीजप्रक्रिया सांगणे सोडून द्यावे असे ठरत नाही. पाहणाऱ्यांचा आकडा पाहावा, पण त्याहून अधिक पाहावे ते परत आलेले प्रश्न. दूरध्वनीवर, व्हॉट्सॲपवर व कृषी विज्ञान केंद्रांत आलेले प्रश्न एका वहीत लिहून महिनाअखेर मांडले असता एकच प्रश्न वारंवार येत असल्याचे दिसते. तो संदेशातील कोणते वाक्य फसले ते सांगतो. ‘पंपाला किती’ हा प्रश्न ज्या महिन्यात एकदाही आला नाही, तो आमच्या वहीतला चांगला महिना.

या कामी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यांत राहणाऱ्या कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांचा उपयोग करून घेता येतो. खरिपात ती मुले गावातच असतात. निघावयाचा संदेश आदल्या दिवशी अशा चार विद्यार्थ्यांकडे पाठवावा. प्रत्येकाने तो दोन शेतकऱ्यांना दाखवून, ‘काका, यात काय करायला सांगितलंय?’ एवढेच विचारावे व आलेले उत्तर शब्दशः लिहून संध्याकाळपर्यंत परत पाठवावे. एका वर्षी हुमणीच्या संदेशातील ‘सायंकाळी’ या शब्दाचा अर्थ आठांपैकी तिघांनी चार वाजता असा केला होता, आणि भुंगेरे तर अंधार पडल्यावर कडुनिंब-बाभळीवर जमतात. तो शब्द बदलून ‘दिवेलागणीनंतर’ असा करण्यात आला व संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.